जँगोत फक्त ईमेलवर लॉगिन ठेवताय? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी ॲप करायला घेतलं की यूजरनेमचा खेळ पहिल्याच दिवशी आटोपतो. 'पाटील' एकाला मिळतं, बाकीचे 'पाटील 7', 'पाटील हळद' करत बसतात आणि उद्या विसरतात. त्यापेक्षा ईमेल बरा. जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, स्वतःचं यूजर मॉडेल (खात्यांच्या माहितीचा साचा) वापरायची सोय 1.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2013 पासून आहे. तरी लोक अडकतात ते ठरलेल्या जागांवरच.

सगळ्यात महागात पडते ती घाई. आधी मायग्रेट मारायचं, म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं तयार करायची, आणि यूजर मॉडेलचं नंतर बघायचं! मग 'इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्ट्री' एरर समोर येतो. प्रोजेक्ट नवा असेल तर डेटाबेस आणि आपल्या ॲपच्या मायग्रेशन फाइल्स उडवून पुन्हा सुरुवात करा. खरा डेटा आत असेल तर मात्र बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

मॉडेलमध्ये यूजरनेम 'नन' (None) करून काढून टाकलं, ईमेल युनिक करून 'यूजरनेम फील्ड' (USERNAME_FIELD, लॉगिन कशावर ते सांगणारी सेटिंग) मध्ये टाकला, तरी 'रिक्वायर्ड फील्ड्स' (सुपरयूजर बनवताना विचारायच्या फील्ड्सची यादी) मध्ये ईमेल मुळातच असतो. ती यादी रिकामी करा. मॅनेजरही (खाती तयार करणारा आणि शोधणारा क्लास) स्वतःचा लिहा. नाहीतर सुपरयूजर बनवताना जुना मॅनेजर यूजरनेम मागतो. पासवर्ड 'सेट पासवर्ड'मधूनच जाऊ द्या.

आता खरी डोकेदुखी. 'नॉर्मलाइझ ईमेल' या फंक्शनचं नाव ऐकून सगळं स्मॉल होत असेल असं वाटतं. होतं ते फक्त @ च्या पुढचं. मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर बिनदिक्कत कॅपिटल करतो आणि लहान-मोठी अक्षरं वेगळी धरणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. अडत्या फोन करून म्हणणार, "अहो, माझी कालची नोंद गेली कुठं?" सेव्ह करतानाच अख्खा ईमेल स्मॉल करा आणि लॉगिनवेळी खातं शोधणाऱ्या मॅनेजरच्या 'गेट बाय नॅचरल की'मध्ये 'आय-एक्झॅक्ट' (लहान-मोठी अक्षरं न बघता जुळवणी) लावा. त्याआधी जुनी जोडखाती शोधून निस्तरा, नाहीतर लॉगिनलाच दोन रेकॉर्ड सापडून एरर येईल.

लॉगिनचं टेम्पलेट हाताने लिहिलं असेल तर इनपुटचं नाव तपासा. जँगोच्या तयार फॉर्ममध्ये ते 'यूजरनेम'च राहतं, लेबल तेवढं ईमेलचं होतं. तिथे 'ईमेल' लिहिलंत तर ईमेल भरूनही 'हे फील्ड आवश्यक आहे' असंच उत्तर येत राहील.

ॲडमिनमध्ये ऑर्डरिंग, लिस्ट डिस्प्ले, सर्च फील्ड्स आणि दोन्ही फील्डसेट्समधून (फॉर्ममधले फील्ड्सचे गट) यूजरनेम काढा. 'ॲड फील्डसेट्स' हमखास राहतो. नवा यूजर घालायला गेल्यावरच ते कळतं.