पन्नाशीत गाडी शिकायची तर जोडीने शिका

मी 53व्या वर्षी गाडी शिकले. राहते नेरुळला, आई ऐरोलीला. खुब्याचं हाड मोडून तिचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यायची वेळ आली. पाय न वाकणाऱ्या माणसाला रिक्षात बसवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. घरची गाडी खाली उभी, आणि यजमान महिन्यातले 20 दिवस फिरतीवर. शेवटी क्लास लावला.

क्लासवाल्यांनी सकाळी साडेसहाच्या गाडीत मला आणि आणखी एकीला एकत्र टाकलं. अर्धा तास एकीने चालवायची, दुसरीने मागे बसायचं. मला ते आवडलं नव्हतं, पूर्ण तास एकटीला हवा होता. आज कुणी विचारलं तर मी मुद्दाम जोडीचीच बॅच मागा म्हणून सांगते. का, ते पुढे येईलच.

माझी जोडीदार पालक्काडची, सीवूड्सला राहणारी, बेलापूरच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे हिशेब बघणारी. तिच्या धाकट्या सहकारी तिला चेची म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ती मला ताई म्हणायची. चेची म्हणजे मोठी बहीण हे मला नंतर समजलं. वयाने मीच 2 वर्षांनी मोठी, पण तोवर दोघींच्या तोंडात तेच बसलं होतं. इतकी वर्षं नेरुळमध्ये काढून माझ्या ओळखीत एकही मल्याळी घर नव्हतं, याचं मला आता वाईट वाटतं. भाजीच्या गाड्यावर शेजारी उभ्या राहिलो असू, बोललो कधी नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर होतो आणि आधार जोडलेलं असेल तर शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरून देता येते. वय 40च्या पुढे असेल तर डॉक्टरने भरलेला फॉर्म 1-ए लागतो, तो आधी करून घ्या. शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट त्यानंतर 30 दिवसांनी देता येते. त्या 30 दिवसांत घाई करू नका. आपल्या वयात पायाला सवय लागायला वेळ लागतो आणि एकदा लागली की ती पक्की राहते.

गाडीत बसल्यावर आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने क्लच सोडायचा. पायात पट्ट्याची सपाट चप्पल किंवा बूट हवेत, नुसती सरकवायची चप्पल पेडलवर निसटते. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आरसे लावताना मान नेहमीसारखी सरळ ठेवा. हनुवटी वर करून आरसा नीट दिसत असेल तर तो आरसा चुकीचा लागला आहे.

आता क्लचबद्दल. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात आणि ते आपल्या पेडलला जोडलेले असतात. पाचव्या दिवशी मी वाशीपर्यंत एकदाही गाडी बंद न पाडता गेले, फार आनंद झाला. उतरल्यावर चेचीने मला बाजूला घेतलं. “ताई, क्लच आप नहीं, सर दबा रहे थे. मैंने देखा.” मागच्या सीटवर मधोमध बसलं की पुढच्या दोन्ही बाजूंचे पाय दिसतात, ते तिने बरोबर हेरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. माझा पाय पोचायच्या आत पेडल आपोआप खाली जात होतं! त्या दिवसापासून आम्ही दोघींनी सरांना सांगून टाकलं की ब्रेकवर पाय ठेवा, क्लचला हात... म्हणजे पाय लावू नका. ते चिडले. पुढचे 3 दिवस आमच्या गाड्या दर सिग्नलला बंद पडल्या. एलपीच्या चौकात तर मागून हॉर्नचा नुसता भडिमार. अशा वेळी हॅण्डब्रेक ओढायचा, गाडी न्यूट्रल करायची, चावी फिरवायची आणि मगच पहिला गिअर. हॉर्न वाजवणाऱ्याला थांबू द्या, त्याचे 10 सेकंद जातील.

चढावरचा हाफ क्लच आम्ही पारसिक हिलवर शिकलो, रविवारी, माझ्या गाडीला लाल ‘एल’ लावून आणि यजमानांना शेजारी बसवून. चढावर थांबायचं, हॅण्डब्रेक ओढायचा, क्लच दाबून पहिला गिअर टाकायचा. मग क्लच सावकाश, अगदी सावकाश वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेटचं टोक जरासं उचललं जातं. तिथेच पाय थांबवायचा. थोडी रेस द्यायची आणि हॅण्डब्रेक सोडायचा. गाडी मागे येत नाही. हे तिसऱ्यांदा जमेना तेव्हा यजमान “सोड आता, सोड!” म्हणून ओरडले आणि माझा पाय खाडकन सुटला. मागून चेची एकच शब्द म्हणाली, “पतुक्के.” मल्याळममध्ये हळू. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, म्हणूनच त्याच्याशी कुठलीही भीती जोडलेली नव्हती. त्यानंतर तिचा हात स्टिअरिंगवर असला की मी “हळू” म्हणायचे आणि माझा असला की ती “पतुक्के”. यजमानांना आम्ही एकच काम दिलं, गप्प बसून हॅण्डब्रेकवर हात ठेवायचं, आणि ते त्यांनी मनापासून केलं.

पाम बीच रोडवर महिनाभर जाऊ नका, रस्ता सरळ आणि रुंद असला तरी गाड्या फार वेगात येतात. तुर्भ्याला एपीएमसीच्या घाऊक बाजाराच्या ट्रकांच्या वेळी तर नकोच. नेरुळ-खारघरच्या सेक्टरमधले आतले रस्ते सकाळी सातपर्यंत मोकळे असतात, तिथे वळणं भरपूर मिळतात.

रिव्हर्सचं मात्र वेगळं. चेचीचा उजवा खांदा आखडलेला, मान पूर्ण वळेना. तुम्हालाही तसं असेल तर आरशांवर रिव्हर्स घ्यायला आधीच शिका. सोसायटीत दोन रिकाम्या बादल्या ठेवा आणि त्यांच्यामधून गाडी मागे घ्या. एका आरशात एक बादली, दुसऱ्यात दुसरी, दोन्हींचं अंतर सारखं राहिलं पाहिजे. हे आम्हाला उशिरा सुचलं. टेस्टमध्ये मी पास झाले, ती रिव्हर्सला राहिली. पुन्हा टेस्ट द्यायला 7 दिवस थांबावं लागतं. ते सातही दिवस आम्ही बादल्यांमध्ये काढले. गणपती नुकतेच गेले होते, माझ्याकडे मोदक उरले होते. ते खाऊन ती म्हणाली, हे तर आमचं कोळुकट्टा, आतलं नारळ-गुळाचं सारण तेच, फक्त आम्ही कळ्या पाडत नाही. दुसऱ्या दिवशी थर्मासमधून सुंठ-गुळाची कॉफी घेऊन आली. दुसऱ्या टेस्टला ती पास झाली. पन्नाशी ओलांडलेल्या पण पंचावन्नच्या आतल्यांना साठीपर्यंतचं लायसन्स मिळतं, तसं आम्हा दोघींनाही मिळालं.

ठाणे-बेलापूर रोडने आईला घेऊन पहिल्यांदा निघाले तेव्हा चेचीने अर्धा दिवस रजा टाकली. आई पुढे, सीट पूर्ण मागे सरकवून. चेची मागे, मधोमध. प्रत्येक गतिरोधक आला की मागून आवाज यायचा, “पतुक्के, ताई.” आईने अर्थ विचारून घेतला. आता फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवायला लागला की आईच त्याला बजावते, “पतुक्के रे बाबा.”