दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून प्रवास किती तासांचा ते ठरवू नका, कारण निघायची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचतो त्या शहराच्या घड्याळाची. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरलात तर ३ तासच दिसतात, पण न्यूयॉर्क ५ तास मागे आहे, म्हणजे खरे झाले ८ तास.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काही उपयोग नाही, पृथ्वी गोल आहे त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, जवळचा रस्ता कुठून जातो ते लगेच कळतं आणि लंडन-न्यूयॉर्कचा दोरा कॅनडाच्या बाजूने वर का सरकतो तेही दिसतं. आकडा हवा असेल तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, पहिल्या शहरावर राईट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि मग दुसऱ्या शहरावर क्लिक करा, बस. या दोन शहरांमध्ये साधारण ५५७० किमी येतं. कुठे नॉटिकल मैलात (सागरी मैलात) आकडा दिला असेल तर किमीसाठी १.८५२ ने गुणायचं.

आता वेळ. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किमीने जातं, पण टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं), टेकऑफ, वर चढणं, खाली उतरणं यात वेग कमीच असतो, म्हणून मी अंतराला ८५० ने भागतो आणि वर ४० मिनिटं धरतो. ५५७० भागिले ८५० म्हणजे साडेसहा तास, अधिक ४० मिनिटं, झाले ७ तास १० मिनिटं.

पण मगाशी तर ८ तास आले होते ना? तो वाऱ्याचा फरक आहे आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येताना तो मागून ढकलतो आणि साधारण ७ तासांत पोचता, जाताना तोच समोरून येतो म्हणून ८ लागतात. हिवाळ्यात हा वारा आणखी जोरात असतो. तेव्हा लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात जायची आणि यायची वेळ वेगवेगळी धरा, उत्तर-दक्षिण असेल तर इतका फरक पडत नाही.

मार्चमध्ये जाणार असाल तर घड्याळातला फरक परत तपासा. अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दिवस फरक ५ चा ४ तास होतो. आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढून मधलं थांबणं वर मिळवा.