किडनीच्या यादीत नाव लागलंय, फोन येत नाहीये, तोवर विश्वास कसा धरायचा

माझं नाव कॅडेव्हर किडनीच्या (म्हणजे मरण पावलेल्या दात्याच्या किडनीच्या) यादीत लागून अडीच वर्षं झाली. राहते नगरला, नाव लागलंय पुण्याच्या एका हॉस्पिटलमधून, आठवड्यातून 3 डायलिसिस, दर वेळी 4 तास. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक म्हणतात ताई तुम्ही एवढ्या शांत कशा, तर शांतबिंत काही नाही हो, पण पडत धडपडत काही गोष्टी जमल्यात त्या लिहिते, नुकतंच नाव लागलेल्यांना उपयोग होईल.

आधी यादी कशी चालते ते हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडून नीट समजून घ्या, म्हणजे प्रार्थनेत काय मागायचं ते कळतं. नाव आपण लावत नाही, हॉस्पिटल लावतं आणि यादी झेडटीसीसी (विभागाचं अवयव वाटपाचं केंद्र) सांभाळतं. ब्लडग्रुप जुळावा लागतो, डायलिसिसवर किती काळ आहात ते धरतात, आणि ताप किंवा इन्फेक्शन असेल तर तेवढ्यापुरतं नाव बाजूला ठेवतात. हे कळल्यावर माझी प्रार्थनाच बदलली. आधी रोज म्हणायचे प्रभू लवकर दे, आता म्हणते प्रभू मला आज तयार ठेव, आणि मग उठून राहिलेली टेस्ट करून येते, दात किडलाय तो दाखवून येते. ही पण प्रार्थनाच आहे असं माझं मत.

आता सगळ्यात अवघड भाग. मला किडनी मिळायची तर कुणीतरी जायला हवं, मग मी नक्की काय मागतेय? पहिले सहा महिने मी या विचाराने प्रार्थनाच करू शकत नव्हते, गुडघे टेकले की वाटायचं कुणाच्या तरी मुलाचं मरण मागतेय. पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरांना) सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, तुझ्या प्रार्थनेमुळे कुणाचा अॅक्सिडेंट होणार आहे का? नाही ना. माणूस जातो तो अपघाताने, स्ट्रोकने जातो. चार डॉक्टरांचं पॅनल निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं आणि मगच ब्रेन डेड सांगतं. त्यानंतर कुणीतरी त्या घरच्यांना विचारतं, अवयव देता का. मी आता त्या क्षणासाठी प्रार्थना करते. डायलिसिसच्या सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं की डोळे मिटते आणि कुठल्यातरी आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेल्या त्या आईला डोळ्यासमोर आणते, तिला धीर दे म्हणते, तिने नाही म्हटलं तरी धीर दे म्हणते. दात्याचं नाव आपल्याला सांगत नाहीत, त्यामुळे नाव न घेताच करायची सवय आत्तापासून लावलेली बरी.

मंडळीत कुणी वडीलधारे म्हणतील पुनरुत्थानाला शरीर अख्खं लागतं, अवयव काढू नयेत, घेऊ नयेत. वाद घालू नका, फक्त विचारा की सिंहांनी खाल्लेल्या पहिल्या काळातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचं काय होणार मग. कॅथलिक असाल तर पोप जॉन पॉल दुसरे 2000 साली रोममध्ये ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांपुढे बोलले होते आणि अवयवदान हे प्रेमाचं कृत्य आहे हे त्यांनी स्पष्ट मांडलं होतं, ते सांगा.

यापेक्षा धोकादायक म्हणजे चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या मिटिंगा. मला एका बाईंनी सांगितलं डायलिसिस सोड, विश्वास कमी पडतोय तुझा. असं कुणी म्हटलं की हात जोडायचे आणि तिथून निघायचं, डायलिसिस चुकवायचं नाही म्हणजे नाही. बायबलमधली हिज्कीया राजाची गोष्ट काढून वाचा, 2 राजे, अध्याय 20. देवाने त्याला आणखी 15 वर्षं द्यायचं वचन दिलं आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप लावायला सांगितलीच. वचन आणि औषध दोन्ही एकाच अध्यायात आहेत. (आपल्याला अंजीर खायचं मात्र नाही, त्यात पोटॅशियम जास्त, ते आपल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही.) तेल लावून प्रार्थना करून घ्यायची तर जरूर घ्या, याकोबाच्या पत्रात आहेच, फक्त फिस्टुलाच्या हाताला (डायलिसिसच्या सुया टोचायला ज्या हाताची शीर ऑपरेशन करून जोडलीय त्याला) चोळू देऊ नका.

लेंटमधले (ईस्टरच्या आधीचे) उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका, आणि उपवास सोडताना कुणी प्रेमाने नारळपाणी, केळी पुढे केली तर नाहीच घ्यायची. मी उपवासाऐवजी पाण्याचा हिशोब पाळते, दिवसाला एक लिटर, जेवण औषध चहा सगळं धरून. मे महिन्यात नगरला हे करून बघा म्हणजे उपवास काय असतो कळेल.

एकदा फोन आला होता. रात्री पावणेबाराला. काही न खाता गाडी काढली, रांजणगावपर्यंत स्तोत्रं म्हणत गेलो, पुढे कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. पहाटे क्रॉसमॅच (दात्याशी रक्त जुळतं का ती टेस्ट) आलं, मी बॅकअपला, म्हणजे राखीव होते, किडनी दुसऱ्याला जुळली. पार्किंगमध्ये बसून मी देवावर एवढी चिडले की नवरा घाबरला. तेव्हा 13 वं स्तोत्र कामाला आलं, त्यात सुरुवातीलाच दाविदाने चार वेळा विचारलंय की कुठवर, अजून कुठवर. म्हणजे चिडायची परवानगी आहे, छान छान शब्द शोधत बसू नका. परत येताना मी त्या दुसऱ्या पेशंटसाठी प्रार्थना केली का? नाही केली. तीन दिवसांनी केली.

बॅग भरून दाराजवळ ठेवा, त्यात फाइल, आधार कार्ड, चार्जर, छोटा नवा करार. फोन सायलेंटवर कधीच नाही, उपासनेतही नाही, पाळकांना आधीच सांगून ठेवा. आणि मंडळीच्या ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहा की रात्री दहानंतर मला प्रार्थनेसाठी सुद्धा कुणी फोन करायचा नाही, कारण रिंग वाजली की आमच्या घरात सगळे चपला घालायला धावतात.