शाळेनंतरच्या शिकवणीत मुलांचा आत्मविश्वास आणि अभ्यासाची सवय कशी लावायची

मुलाला शिकवणीला घालताना पालक बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात, "ह्याचा कॉन्फिडन्स गेलाय हो, तेवढा वाढवा, बाकी मार्कांचं नंतर बघू." आणि मग शिकवणारी ताई किंवा सर रोज त्याला "तुला येतं रे, तू हुशार आहेस" असं म्हणत राहतात. मनापासूनच म्हणतात, पण त्याने फारसं काही होत नाही, कारण मुलाच्या समोर वही उघडी असते आणि तिच्यात लाल फुल्या असतात, मग तुमच्या बोलण्यापेक्षा त्याला ती वहीच खरी वाटते. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच मांडलं होतं, की "मला हे जमेल" असं वाटायला सगळ्यात जास्त कारण लागतं ते आधी स्वतःच्या हाताने काहीतरी जमल्याचं, दुसऱ्याने दिलेला धीर त्याच्या खूप मागे येतो. म्हणजे क्रम उलटा आहे. आधी जमायला लागतं, मग विश्वास येतो. शिकवणीचा तास ह्या क्रमाने लावायचा, एवढंच मला सांगायचंय, आणि कसा लावायचा ते आता सविस्तर सांगते.

पहिले काही दिवस फक्त बघायचं, कुठे अडलंय

मूल पाचवीत असलं तरी अडलेलं असतं तिसरीत, हे इतक्यांदा होतं की मी पहिल्या काही तासांत चालू धडा उघडतच नाही. खालच्या इयत्तेची सोपी गणितं, एक छोटा उतारा मोठ्याने वाचणं, चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिणं, एवढं पुरतं. पण चूक झाली की लगेच दुरुस्त करू नका, आधी त्या चुकीकडे नीट बघा.

उदाहरण देते. एका मुलीने अशी उत्तरं लिहिली: ५२ वजा ३८ बरोबर २६, ७१ वजा ४६ बरोबर ३५, ८० वजा २७ बरोबर ६७. तिन्ही चूक. आता वरवर बघणारा म्हणेल की हिला वजाबाकी येत नाही, लक्ष नसतं, घाई करते. पण जरा थांबून बघा, प्रत्येक वेळी तिने त्या त्या घरातला लहान आकडा मोठ्यातून वजा केलाय, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. २ मधून ८ जात नाहीत ना, मग ८ मधून २ घालवले, झाले ६. म्हणजे ती निष्काळजी नाही, ती एक नियम अगदी नेमाने पाळतेय, फक्त तो नियम चुकीचा आहे. ब्राउन आणि बर्टन ह्या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशाच ठरलेल्या चुकांवर लिहिलं, आणि त्यातली ही चूक तर फारच नेहमीची.

आता हिला "नीट लक्ष दे" म्हणून काय उपयोग? तिच्यासमोर काड्या ठेवायच्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हणायचं, ह्यातून ३८ मला दे. ती आठ सुट्या काड्या शोधायला लागते आणि दोनच सापडतात. इथे तुम्ही गप्प बसायचं. थोड्या वेळाने तिचा हात आपणहून एका गठ्ठ्याकडे जातो, ती विचारते "हा सोडू का?" गठ्ठा सुटला की सुट्या झाल्या बारा, गठ्ठे राहिले चार, आता आठ सुट्या आणि तीन गठ्ठे सहज देता येतात, हातात उरतात चौदा. मगच वहीत तेच लिहायचं, दशकाच्या घरातले ५ खोडून ४ का करतो ते तिला आता माहीत असतं. आणि शेवटी १४ मध्ये ३८ मिळवून बघायला सांगायचं. ५२ आले की उत्तर बरोबर आहे हे तिला तिचं तिलाच कळतं, तुम्हाला विचारावं लागत नाही. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कारण कच्च्या मुलाची एक खूण असते, ते दर पायरीनंतर वहीतून मान वर काढून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. बरोबर का? चुकलं का? ह्या मुलाला उत्तरापेक्षा उत्तर तपासायची पद्धत शिकवणं जास्त गरजेचं असतं. वजाबाकी बेरजेने तपासायची, भागाकार गुणाकाराने, लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचून, प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून. आणि "हे कसं केलंस, सांग बघू" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायचा, नाहीतर मुलांना कळतं की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलंय, आणि लगेच खोडरबर हातात येतो.

तासाची सुरुवात वही मिटून

आल्या आल्या पहिली पाच-सात मिनिटं मागच्या वेळचं आठवून सांगायचं किंवा लिहायचं, पुस्तक-वही बंद. मुलांना सुरुवातीला हे अजिबात आवडत नाही कारण आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणजे आपण ढ असं वाटतं. त्यांना सांगायचं की विसरणं सगळ्यांचंच होतं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. आणि आठवायला ताण देणं म्हणजेच अभ्यास, ती परीक्षा नाही, मार्क नाहीत. रोडिगर आणि कार्पिकी ह्यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. वाचताना सगळं येतंय असं वाटतं तीच फसगत आहे, मुलं घरी धडा चार वेळा वाचतात आणि पेपरात हात थांबतो ते ह्याच्यामुळे.

ज्या गोष्टी पाठच लागतात, म्हणजे पाढे, शब्दार्थ, सूत्रं, सनावळ्या, त्यांच्यासाठी लहान कार्डं करा आणि तीन डबे ठेवा. पहिल्या डब्यातली रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. आलं की कार्ड पुढच्या डब्यात, नाही आलं की परत पहिल्यात. ही पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात लोकप्रिय केली, आणि मुलांना आवडते कारण तिसरा डबा भरत जाताना डोळ्यांना दिसतो, तो भरलेला डबा तुमच्या दहा शाबासक्यांपेक्षा जास्त काम करतो.

नवीन शिकवताना

आधी एक गणित पूर्ण सोडवून दाखवा, पायरी-पायरीने, बोलत बोलत. दुसरं अर्धं तुम्ही सोडवा, शेवटच्या दोन पायऱ्या त्याला द्या. तिसऱ्यात पहिली पायरीच तुमची. चौथं त्याचं. बरेच जण पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात आणि मग मूल अडलं की पूर्ण उत्तर सांगून मोकळे होतात, दोन्हीकडे तोटा. स्वेलर आणि कूपर ह्यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं होतं की नवशिक्याला आधी सोडवलेली उदाहरणं नीट बघायला मिळाली तर तो लवकर शिकतो.

चौथं गणित एकट्याने जमून तो प्रकार नीट बसला की मग मिसळ करायची, आजची दोन, गेल्या आठवड्याची दोन, जुनं एखादं. एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने केली तर दुसऱ्यापासून मूल डोकं लावत नाही, काय करायचं ते माहीतच असतं. परीक्षेत मात्र कुठली रीत लावायची हेच ओळखायचं असतं.

आणि थांबायला शिका. मेरी बड रो ह्यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचार केलेली यायला लागली, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण प्रत्यक्ष करून बघा, तोंडातून हिंट बाहेर पडायला बघते. मनात आकडे मोजा. मूल खरंच अडलं तर उत्तर न सांगता पुढचा सगळ्यात छोटा प्रश्न विचारा, "प्रश्नात काय दिलंय ते वाच", "ह्याच्यासारखं आपण कुठे केलं होतं?", बस एवढंच.

शाबासकी कशाची द्यायची

"हुशार आहेस" नको. म्युलर आणि ड्वेक ह्यांचा १९९८चा अभ्यास आहे, पाचवीच्या मुलांना सोप्या कोड्यांनंतर काहींना हुशारीची शाबासकी दिली, काहींना मेहनतीची, मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. कारण सरळ आहे, हुशार म्हणून जमलं असेल तर नाही जमलं म्हणजे हुशार नाही. पण नुसतं "छान मेहनत केलीस" हेही पोकळ असतं, मुलांना ते लगेच कळतं. काय केलं ते नाव घेऊन सांगा: "दुसऱ्या पायरीला अडलीस तेव्हा आकृती काढून बघितलीस, त्याने सुटलं." ती पुढच्या वेळी अडल्यावर आकृती काढते.

सवय शिकवणीत नाही, घरी लागते

इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. शिकवणीत बसून शाळेचा सगळा होमवर्क पूर्ण करून घेतला की पालक खूश, शाळा खूश, पण मूल एकटं बसून अभ्यास करायला कधीच शिकत नाही, आणि जिथे शिकवणी नाही तिथे अभ्यास नाही अशी गत होते. होमवर्क शिकवणीत फक्त सुरू करा, पहिला प्रश्न सोडवा, बाकी घरी एकट्याने. अर्धवट आणला तरी चालेल, कुठे अडलं तिथे खूण करून आण म्हणायचं. खूण करून आणणं हाही अभ्यासच आहे.

घरच्या अभ्यासाची वेळ "रोज संध्याकाळी" अशी मोघम ठेवू नका, एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडा: खेळून आलो, हातपाय धुतले की लगेच टेबलाशी. गोल्विट्झर ह्यांनी १९९९ मध्ये अशाच "हे झालं की ते करायचं" धर्तीच्या ठरवण्यावर लिहिलं, नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त पाळलं जातं. सुरुवात अगदी दहा मिनिटांची, एका जागी, फोन दुसऱ्या खोलीत, घरातल्या मोठ्यांचासुद्धा. दहा मिनिटं खूप कमी वाटतात पण रोजची दहा आधी पक्की होऊ द्या, वाढवायला नंतर वेळ आहे. आणि एकवीस दिवसांत सवय लागते ह्या समजुतीवर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांवर केलेल्या २०१०च्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला हिशोबाने २५४, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून एक दिवस बुडला तर ओरडा नको, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बसायचं.

पालकांनी विचारायचं काय? "किती मार्क पडले" ऐवजी "आज एकट्याने काय सोडवलंस ते दाखव". भावंडांशी, शेजारच्यांशी तुलना नको, ह्यावर जास्त लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. झोप मात्र कापू नका, पाठ केलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

ग्रुपमध्ये शिकवत असाल तर बुजऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात फळ्यापाशी उभं करू नका. आधी शेजारच्याला समजावू दे, मग त्याच्यापेक्षा लहान मुलाला एक गणित शिकवू दे. शिकवायचंय म्हटल्यावर मूल स्वतः तयारी करून येतं, हे तुम्हाला बघायला मिळेल.

एवढं सगळं नेमाने करूनही काही महिन्यांत वाचन पुढे सरकतच नसेल, अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, आकड्यांचा अंदाजच येत नसेल, तर आळशी म्हणून मोकळे होऊ नका. डोळे आणि कान तपासा, आणि डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) किंवा डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांमधली अडचण) आहे का ते तज्ज्ञांना दाखवा. तिथे पद्धतच वेगळी लागते.

शेवटी शिकवणी कमी कधी करायची. मूल चेहऱ्याकडे बघणं सोडतं, स्वतःची चूक तुमच्या आधी पकडतं, आणि "आज मला हे विचारायचंय" असं म्हणत दार उघडतं, तेव्हा आठवड्यातला एक दिवस कमी करा. त्या रिकाम्या दिवशी त्याच वेळी ते घरी बसतंय का ते महिनाभर बघा. बसत असेल तर अजून एक दिवस कमी, नसेल तर तो दिवस परत घ्या पण त्या तासाला नवीन काही शिकवू नका, शेजारी बसा आणि त्याला त्याचा अभ्यास करू द्या.