डोंगरतळ्याच्या वाटेवर शरदात अवचित बर्फ लागला तर

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि मनालीजवळच्या गुलाबा या ठिकाणाच्या वरचे भृगु सरोवर ४,२०० मीटरच्याही वर आहे. ऑक्टोबरमध्ये त्या सरोवरापर्यंत एका दिवसात जाऊन येण्याचा बेत जे करतात, त्यांच्यापुढे मी प्रथम हे तीन आकडे ठेवतो. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे मनालीत दहा-बारा अंश असताना तळ्याकाठी ते शून्याखाली असू शकते, आणि मनालीत पडणारा पाऊस तिथे बर्फ होऊन पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात, ज्यांना आपल्याकडील हिंदी वर्तमानपत्रे ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, पावसाळा सरताच हिमालयावर येऊ लागतात. २०१८च्या सप्टेंबरअखेरीस लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते. हिवाळा अजून दूर आहे, हा दिलासा त्या उंचीवर उपयोगाचा नाही.

तयारी इंदुरातच सुरू करावी. महिनाभर आधी दर रविवारी जानापावची टेकडी किंवा चोरल-पाताळपाणीकडची वाट पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन चालावी. दमाची तयारी अशी होते. विरळ हवेची मात्र होत नाही. तळ्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणून मनालीत निदान दोन रात्री राहून, मधल्या दिवशी थोडे उंच जाऊन परत यावे आणि मगच हा बेत करावा. वाट जाणणारा स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावाच.

कपड्यांबाबत मी आग्रही आहे. शरदातला बर्फ शून्याच्या आसपास पडत असल्याने तो ओला असतो. जानेवारीतल्या कोरड्या बर्फासारखा तो अंगावरून झटकून जात नाही, तर वितळून कपड्यांत मुरतो. सुती बनियन आणि जीन्स एकदा भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेत राहते. एका ऑक्टोबरात आमच्या गटातील एक तरुण नवी जीन्स घालून आला होता. तासाभरात ती मांड्यांना चिकटून कडक झाली आणि त्याला उतरवताना आमचे चौघांचे हात कमी पडले. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी प्रत्येकाचे कपडे स्वतः पाहतो. आत थर्मल किंवा लोकरी बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर अथवा फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट व पँट, हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी आणि मोज्यांचा एक कोरडा जोड एवढे हवेच. पिशवीला वरून आवरण घातले तरी पाणी आत शिरते. म्हणून आतून मोठी प्लास्टिकची थैली लावून कोरडे कपडे तिच्यात ठेवावेत. खाण्यासाठी गूळपोळी, दशम्या आणि दाण्याचे लाडू उत्तम, कारण थंडीत ते हातमोजे न काढता खाता येतात.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा कुल्लू आणि लाहौल-स्पिती या जिल्ह्यांचा इशारा पाहावा. उंची दाखवणारे घड्याळ असेल, तर झोपताना खोलीतला आकडा लिहून ठेवावा. सकाळी त्याच खोलीत उंची वाढलेली दिसली, तर हवेचा दाब उतरला आहे आणि हवा बिघडण्याचा संभव आहे असे समजावे. सूर्याभोवती खळे पडणे हीदेखील सूचना आहे.

वाटेला पहाटे पाचला लागावे आणि परतीची वेळ आदल्या रात्रीच सर्वांसमोर ठरवावी. मी दुपारचे बारा धरतो. तळे समोर दिसत असले तरी बाराला पाठ फिरवायची. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि बर्फातून उतरायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागू शकतो. आपण माळव्याची माणसे, पहिला बर्फ पाहून हरखतो, फोटो काढत थांबतो, आणि नेमकी हीच अर्धी-पाऊण घटिका पुढे अपुरी पडते. बर्फ सुरू झाला की आधी वरचे जाकीट घालावे, सर्वांनी एकत्र यावे आणि खाली वळावे. पातळ बर्फाखाली दगडांमधल्या फटी झाकल्या जातात, म्हणून काठीने चाचपून मगच पाय टाकावा. गवताच्या उतारावर ताजा बर्फ फार निसरडा असतो. तिथे टाच रोवत आडवेतिडवे उतरावे. काहीच दिसेनासे झाले, तर वाऱ्याच्या आडोशाला थांबावे. नाल्याच्या कडेने उतरण्याचा मोह टाळावा, कारण नाले बहुधा कड्यावर जाऊन संपतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा आणि फोन आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते.

ऊन नसले तरी काळा चष्मा काढू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि डोळ्यांची आग संध्याकाळी उमटते.

सोबत्याकडे सतत लक्ष ठेवावे. तो कुडकुडत असेल, जीभ अडखळत असेल, चेन लावता येत नसेल, तर तिथेच आडोशाला ओले कपडे काढून कोरडे घालावेत आणि गोड, गरम चहा पाजावा. कुडकुडणे थांबले पण बोलणे असंबद्ध झाले, तर प्रकृती गंभीर आहे. ११२ वर संपर्क साधावा आणि त्याला हलवावे लागले तर अलगद हलवावे. बधिर बोटे बर्फाने चोळू नयेत, मद्य देऊ नये. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणे दिसले, तर हवा कितीही स्वच्छ असली तरी लगेच खाली न्यावे आणि त्याला एकटे पाठवू नये.

तळ्यापर्यंत पोहोचलातच, तर काठावर गोठलेल्या पापुद्र्यावर पाय ठेवू नये. शरदात तो माणसाचे वजन पेलत नाही. मनालीत परतल्यावर बूट हीटरसमोर ठेवू नयेत. आतले तळवे काढून त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते दर दोन तासांनी बदलावेत, म्हणजे सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात.