सातवीनंतर मुलीची शाळा सुटू नये म्हणून

मुलीची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी एखादा सोमवार बुडतो, मग आठवड्याचे दोन-तीन दिवस, आणि शेवटी हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. म्हणून वस्तीत मुलींच्या शिक्षणासाठी काम करत असाल, तर वर्गशिक्षिकेशी आधीच बोलून ठेवा: सलग तीन दिवस खाडा झाला की त्याच संध्याकाळी निरोप हवा.

निरोप आला आणि आई कामावरून परतली की मुलीच्या घरी जा. "मुलीला शाळेत का पाठवत नाही?" असं विचारलंत की बोलणं तिथंच संपतं. "ताई, नळाला पाणी किती वाजता येतं? धाकट्याला कोण बघतं?" असं विचारा. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत खरं कारण पुष्कळदा इथेच असतं. पाणी सकाळी येत असेल आणि शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर मुख्याध्यापकांना अर्ज देऊन दुपारचं सत्र मागा. धाकटं भावंड तीन ते सहा वर्षांचं असेल तर अंगणवाडीत घाला. त्याहून लहान मुलांना तिथून आहार मिळतो, पण ठेवून घेत नाहीत. त्यांच्यासाठी तीन-चार घरांनी पैसे काढून गल्लीतल्याच एखाद्या मावशीला सांगावं लागतं.

शाळेत गेलात की मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी स्वतः आतून लावून पाहा. कडी लागत नसेल, नळाला पाणी नसेल, पॅड टाकायला झाकणाचा डबा नसेल, तर पाळीच्या दिवसांत मुली घरीच राहणार. कडी बसवायला तासभर पुरतो, त्यासाठी निधीची वाट पाहू नका.

सगळ्यात नाजूक वळण सातवी-आठवीचं. महापालिकेच्या बऱ्याच शाळा तिथंच संपतात, आणि मे महिन्यात कुटुंब गावाला जातं. पुढचा प्रवेश न होता गेलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी तिकडेच सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून निघण्याआधी पुढच्या शाळेत नाव घालून टाका. आठवीपर्यंत, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये हे स्पष्ट आहे. गावची फेरी वाया घालवू नका. जातीचा दाखला पूर्वज जिथं राहत होते तिथून काढावा लागतो, तो याच फेरीत काढा. अठराच्या आत लग्न ठरल्याचं कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पैशासाठी आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित असावी लागते. उत्पन्नाचा दाखला अर्जाच्या आधीच काढून ठेवा.

निवड होऊनही पैसे अडकतात ते बँकेत. खात्याला आधार जोडलेलं असणं पुरत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंगचा (कोणत्या खात्यात पैसे यावेत याची आधारशी नोंद करण्याचा) वेगळा अर्ज द्यावा लागतो. मुलीची दोन खाती असतील तर जे शेवटी सीड झालं त्यात पैसे पडतात, आणि घरचे पासबुक घेऊन दुसऱ्याच बँकेत खेटे घालतात. आधारवरचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी (प्रवेशाच्या नोंदवहीशी) अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर आधार दुरुस्त करा, कारण रजिस्टरमधलं नाव बदलून घेणं फार किचकट.

शाळा सुटलीच असेल तर वयाने मोठ्या, कामाला जाणाऱ्या मुलीसाठी रात्रशाळा आहे. तिथंही जमत नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. त्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, तेव्हा पावसाळ्यातच जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी करा.