क्षमता चाचणीचा निकाल वाचताना या चुका टाळा

काही शाळांत प्राथमिक शाळा सोडून आलेल्या मुलांची माध्यमिकच्या सुरुवातीलाच क्षमता चाचणी (शिकवलेलं किती आठवतं हे नव्हे, तर विचार करण्याची कुवत मोजणारी) होते आणि थोड्याच दिवसांत वर्गशिक्षकाच्या हातात एक लांबलचक तक्ता पडतो. शाब्दिक, संख्यात्मक, अशाब्दिक (आकृत्यांतले नमुने ओळखणं), अवकाशीय (आकार मनात फिरवून पाहणं) असे चार रकाने आणि शेवटी सरासरी. नजर थेट त्या शेवटच्या रकान्यावर जाते.

सरासरीवर थांबणे

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, एका मुलीचे गुण 84, 104, 112 आणि 116 आहेत. शेजारच्या मुलाचे 103, 105, 104, 104. दोघांचीही सरासरी 104. तक्त्यात दोघं सारखीच दिसतात, म्हणून दोघांकडेही दुर्लक्ष होतं. मुलाचं काही बिघडत नाही. मुलगी मात्र आकृत्या, नमुने झटकन ओळखते आणि शब्दांत अडते. भूमितीत ती पुढे असेल, इतिहासाच्या दुसऱ्याच पानावर दमेल. कदाचित शाळेची भाषा तिच्या घरची नसेल, कदाचित वाचनच कच्चं असेल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चाचणी त्यांतला फरक सांगत नाही. तिला शेजारी बसवून एक उतारा मोठ्याने वाचायला लावा, मग तोच विषय तोंडी विचारा. वाचताना अडखळली पण ऐकून नीट समजलं, तर अडचण वाचनात आहे. दोन्हीकडे अडली, तर धड्याआधी नवे शब्द शिकवून बघा.

उलट चित्र तर हमखास सुटतं. शाब्दिक गुण चांगले, अवकाशीय कमी. असं मूल वर्गात छान बोलतं, त्यामुळे नकाशा किंवा प्रयोगाची आकृती त्याला कळत नाही असा संशयही कुणाला येत नाही.

शंभर म्हणजे पैकीच्या पैकी?

नाही. बहुतेक क्षमता चाचण्यांत 100 हा त्या वयाचा मध्य असतो आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 च्या दरम्यान येतात. 115 गुण म्हणजे सुमारे 84 वा पर्सेंटाइल, म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या साधारण 84 मुलांपेक्षा जास्त. 85 गुण म्हणजे सुमारे 16 वा, पंच्याऐंशी टक्के नव्हे. पालकसभेत हे आधी सांगा, नाहीतर 100 वाले पेढे वाटतील आणि 97 वाले काळजीत पडतील.

दोन-चार गुणांवरून तुकड्या पाडणे

चांगल्या चाचणीतही त्रुटी असते. विश्वसनीयता (पुन्हा चाचणी घेतली तर निकाल किती सारखा येईल याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.90 असली तरी 102 गुणांचा अर्थ ढोबळमानाने '94 ते 110 च्या दरम्यान कुठेतरी' एवढाच होतो. त्यामुळे 99 आणि 101 च्या मधे रेघ मारणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमों यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती कुणाला जादा मदत लागेल हे शोधायला. उतरंड लावणं हा तिचा हेतू नव्हता.

विचित्र आकडा तसाच स्वीकारणे

आधी जन्मतारीख तपासा. हे गुण वयानुसार काढलेले असतात. वर्ष चुकलं तर मूल आपल्यापेक्षा मोठ्या किंवा लहान मुलांशी मोजलं जातं. मग किती प्रश्न सोडवले ते बघा. निम्मेच सोडवले पण जवळजवळ सगळे बरोबर, तर मूल सावकाश काम करणारं असू शकतं. भराभर सगळे सोडवून बरेच चुकले, तर अंदाजपंचे टिकमार्क केल्याची शक्यता. आजारपण, पान उलटायचं राहणं हेही विचारून घ्या. एकाच विभागात घसरण असेल आणि कारण सापडत नसेल, तर निर्णय लांबवा.

'हुशार आहे, पण आळशी'

क्षमता जास्त आणि वर्गातले गुण कमी दिसले की हा शेरा तयारच असतो. त्याआधी हजेरी, नजर, ऐकणं आणि नव्या शाळेत मित्र मिळाले का, एवढं तरी पाहा. आणि गुण क्षमतेच्या अंदाजापेक्षा जास्त असतील, तर त्या मुलाचं लक्ष्य कृपया खाली आणू नका. ते कष्ट करतंय.

तक्ता कपाटात

विषयशिक्षकांना बारीक अक्षरांतली आठ पानं कुणी देऊ नयेत, ते वाचणार नाहीत. ज्यांचे गुण असमान आहेत अशाच मुलांची एक पानी यादी करा: नाव, कुठे अडतं, वर्गात काय बदलायचं. 'शाब्दिक 84' असं लिहू नका. 'सूचना तोंडीही द्या, उत्तरासाठी आकृती चालेल' असं लिहा. सहा आठवड्यांनी त्याच पानावर शिक्षकांकडून एक ओळ मागा: फरक पडला का? नसेल, तर आधी आपला अंदाज तपासायचा, मुलाला नंतर.